भट्टी बदलायची की वाघिणी?

मे महिन्यात भिलाईत दुपारी बारानंतर पंखासुद्धा गरम हवाच फेकतो. अशाच एका दुपारी शेजारच्या काकांनी हाक मारली. काका मूळचे भंडाऱ्याकडचे, स्टील प्लांटमधून निवृत्त झालेले, हिशेबाला पक्के. "हा कॉम्प्युटर चालत नाही रे, रांगतो," ते म्हणाले. "सुपेल्यातला दुकानदार म्हणतो, प्रोसेसर पुराना हो गया, नया जनरेशन ले लो. तू सांग, घेऊ का?" मी खुर्ची ओढेपर्यंत दुसरा प्रश्न आला. "आणि या प्रोसेसरवाल्या कंपन्यांचं काय चाललंय? मुलगा पुण्याहून फोन करून सांगतो, यांचे शेअर घेऊन ठेवा म्हणून."

प्रोसेसर बदलायचा का आणि प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचं पुढे कसं होणार, हे दोन प्रश्न लोक नेहमी एका दमात विचारतात. खरं तर त्यांचा एकमेकांशी संबंध थोडाच आहे. पण जिथे आहे, तिथे तो फार महत्त्वाचा आहे, म्हणून आधी पहिला प्रश्न नीट सोडवू.

काकांना समजावायला मला पुस्तक लागलं नाही, त्यांचा प्लांटच पुरला. भिलाईची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. त्या भट्टीला खनिज येई ते दल्ली-राजहराच्या खाणीतून, वाघिणींत भरून. ते यार्डात उतरे, तिथून भट्टीजवळच्या कोठ्यांत जाई आणि कोठीतून भट्टीच्या तोंडात. आता खाणीकडून वाघिणीच वेळेवर आल्या नाहीत, तर भट्टी कितीही मोठी असो, ती उपाशीच राहणार. कॉम्प्युटरचंही अगदी असंच आहे. प्रोसेसर ही भट्टी, हार्ड डिस्क ही खाण, रॅम हे यार्ड, आणि प्रोसेसरच्या पोटातच असते ती कॅश मेमरी म्हणजे भट्टीला चिकटलेल्या कोठ्या.

यातली अंतरं किती विचित्र आहेत, हे आकड्यांशिवाय कळत नाही. चार गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर एका सेकंदात चारशे कोटी ठोके मारतो. त्याचा एक ठोका आपण एक सेकंदाचा मानला, तर सर्वांत जवळच्या कॅशमधून माहिती यायला त्याला चार-पाच सेकंद लागतात. रॅममधून आणायला सहा मिनिटं. चांगल्या एसएसडीमधून, म्हणजे तबकडी नसलेल्या डिस्कमधून, तीन-चार दिवस. आणि जुन्या, फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कमधून? सव्वा वर्ष! भट्टीपाशी उभा असलेला माणूस सव्वा वर्ष वाघिणीची वाट बघतो आहे आणि आपण म्हणतो, भट्टी जुनी झाली.

काकांच्या कॉम्प्युटरमध्ये तबकडीवालीच डिस्क होती आणि रॅम चार जीबी.

म्हणून प्रोसेसर बदलण्याचा विचार करण्याआधी एक दिवस नुसतं बघायचं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात ‘परफॉर्मन्स’ या पानावर सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांचे आलेख दिसतात. मशीन चांगलं चालत असताना ते बघून उपयोग नाही. ज्या क्षणी ते रांगतं, नेमक्या त्या क्षणी बघायचं. डिस्क शंभर टक्क्यांना टेकली असेल तर दोष खाणीचा. मेमरी नव्वदच्या वर असेल तर यार्ड अपुरं पडतंय, आणि यार्डात न मावलेला माल परत खाणीत नेऊन टाकण्यात वेळ चाललाय. सीपीयू शंभरवर असेल तरच भट्टीकडे बोट दाखवायचं.

यात एक फसवी जागा आहे. आठ कोअरच्या, म्हणजे आत आठ स्वतंत्र गणनायंत्रं असलेल्या, प्रोसेसरवर एखादं जुनं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर काम करत असेल, तर तो एक कोअर पूर्ण तापलेला असतो, पण एकूण आकडा दिसतो जेमतेम साडेबारा टक्के. माणूस म्हणतो, प्रोसेसर तर मोकळाच आहे. तेव्हा आलेखावर उजवं क्लिक करून प्रत्येक लॉजिकल प्रोसेसर वेगळा दाखवायला सांगायचं. अशा वेळी जास्त कोअरचा प्रोसेसर घेतला तर पैसे पाण्यात जातात. एकेका कोअरचा वेग जास्त असलेला हवा असतो.

आणि भिलाईत, किंबहुना नागपूरपासून रायपूरपर्यंतच्या साऱ्या पट्ट्यात, आणखी एक गोष्ट तपासावी लागते. ती म्हणजे ऊन. बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचले की स्वतःला वाचवायला वेग उतरवतात. खोलीतली हवा जितकी तापेल, साधारण तितकेच अंश चिपचं तापमानही वर सरकतं. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत मजेत चालणारं मशीन मे महिन्यात ४० अंशांच्या खोलीत त्याच कामाला वीस अंश जास्त तापतं. त्यात पंख्यावर बोटभर धूळ आणि पाच वर्षांत वाळून गेलेली थर्मल पेस्ट. लोक म्हणतात, कॉम्प्युटर म्हातारा झाला. तो नुसता घुसमटलेला असतो. ज्याचं मशीन फक्त उन्हाळ्यात मंदावतं, त्याने आधी ब्रश आणि पेस्टची नळी आणावी. इतका स्वस्त अपग्रेड दुसरा नाही.

समजा, हे सगळं करून झालं आणि तरी दोष भट्टीचाच निघाला. तेव्हा नवीन प्रोसेसरने किती फरक पडेल? दुकानदार कोअर मोजून दाखवतो. पण जीन अ‍ॅमडाल नावाच्या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये एक मुद्दा मांडला होता, तो अजून जसाच्या तसा लागू आहे. एखादं काम तासाभराचं आहे. त्यातली ४० मिनिटं अशी की काम अनेक कोअरमध्ये वाटता येतं, २० मिनिटं अशी की एकापाठोपाठ एकच पायरी चढावी लागते. कोअर दुप्पट केले तर ४० ची २० मिनिटं होतील, पण उरलेली २० तशीच राहतील. म्हणजे काम ४० मिनिटांत होईल, ३० मध्ये नाही. कोअर शंभर केले तरी २० मिनिटांच्या खाली ते कधीच जाणार नाही. व्हिडिओ रेंडर करणं, मोठं थ्रीडी डिझाइन रंगवणं ही वाटून घेण्याजोगी कामं. टॅली, टायपिंग, बँकेची वेबसाइट ही नाहीत.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. १९९३ चा पेंटियम आला आणि त्यानंतरची दहा वर्षं घड्याळाचा वेग, म्हणजे सेकंदाचे ठोके, इतका भराभर वाढत होता की तीन वर्षांत मशीन खरोखर जुनं व्हायचं. २००४ च्या सुमारास ही शर्यत थांबली, कारण वेग वाढवला की चिप इतकी तापायची की थंड करणंच परवडेना. तेव्हापासून कंपन्या कोअर वाढवतात, कॅश वाढवतात, एका ठोक्यात जास्त काम उरकायला शिकवतात. फायदा होतो, पण सगळ्यांना सारखा होत नाही. म्हणूनच ‘दर तीन वर्षांनी बदला’ हा जुना सल्ला आता फेकून द्यावा, असं माझं मत आहे. राउरकेल्यात नवी भट्टी पेटली म्हणून भिलाईतली कुणी फोडत नाही. भिलाईची आठव्या क्रमांकाची भट्टी, ‘महामाया’, २०१८ मध्ये सुरू झाली, तीही कामाची क्षमता वाढवायची होती म्हणून.

आता सॉकेट. प्रोसेसर ज्या खोबणीत बसतो ती मदरबोर्डावर असते आणि दर काही वर्षांनी कंपनी ती बदलते. एएमडी कंपनीची एएम-४ ही खोबण तिच्या पहिल्या रायझन प्रोसेसरपासून, म्हणजे २०१७ पासून, चालू आहे. २०१७ मध्ये त्यावर मशीन बांधलेल्या माणसाला, बोर्ड चांगला असेल तर, नुसता बायोस अद्ययावत करून २०२२ चा रायझन ५८०० एक्स-थ्रीडी बसवता आला, आणि त्याची कॅशच ९६ एमबी होती. कोठ्याच मोठ्या केल्या. खेळांना त्याचा जबरदस्त फायदा झाला. इंटेलकडे मात्र सहसा दोन पिढ्यांत खोबण बदलते. सातव्या आणि आठव्या पिढीत तर गंमत अशी की खोबण दिसायला तीच, पण जुन्या बोर्डावर नवा प्रोसेसर चालत नाही. बारावी ते चौदावी पिढी एका खोबणीत बसते. त्यातला तेराव्या-चौदाव्या पिढीचा वरच्या दर्जाचा प्रोसेसर सेकंडहँड घेणार असाल तर जपून. जास्त व्होल्टेजमुळे त्यातले काही कायमचे बिघडल्याचं २०२४ मध्ये उघड झालं आणि इंटेलला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. लॅपटॉपचा प्रश्नच नाही. बहुतेकांत प्रोसेसर बोर्डाला डाग देऊन पक्का केलेला असतो.

खोबण बदलली की बोर्ड बदलतो, बोर्ड बदलला की बहुधा रॅमही, कारण एएम-५ सारख्या नव्या खोबणीला डीडीआर-५ च लागते. आणि २०२५ च्या उत्तरार्धात रॅमचे भाव असे चढले की काही ठिकाणी दुपटीच्याही पुढे गेले. त्यामुळे ‘फक्त प्रोसेसर बदलू’ म्हणून निघालेला माणूस तिप्पट बिल घेऊन परततो.

एक कारण मात्र असं आहे की वेग ठीक असूनही बदल करावा लागतो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती बंद झाली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना ती ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळते. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा रायझन २००० च्या पुढचा प्रोसेसर लागतो. नावातला आकडा बघायचा: ७४०० असेल तर सातवी पिढी, १०४०० असेल तर दहावी. सातवीवाल्याने त्याच मशीनवर लिनक्स टाकून बघावं. पत्रं, ब्राउझर आणि सिनेमे एवढंच काम असेल तर ते वर्षानुवर्षं चालेल. त्याच मशीनवर बँकेचे व्यवहार करायचे आणि विंडोजच हवं, तर मात्र बदला. इथे मी काटकसर सांगणार नाही.

पैशाचा हिशेब काका पद्धतीने करायचा. समजा, लग्नाचे व्हिडिओ जोडणाऱ्या एखाद्या मुलाचा ४० हजारांचा बदल रोज ४० मिनिटं वाचवतो. महिन्याचे २५ दिवस धरले तर हजार मिनिटं, म्हणजे साडेसोळा तासांहून जास्त. त्याच्या तासाची किंमत १५० रुपये धरली तर महिन्याला २,५०० रुपये, आणि १६ महिन्यांत पैसे फिटतात. घ्यावा. काकांच्या बाबतीत वाचणारा वेळ वर्तमानपत्राची साइट उघडण्याचा. तिथे हा हिशेब मांडायचीसुद्धा गरज नाही.

आता मुलाचा शेअरवाला फोन.

लोकांना वाटतं, ज्याचा प्रोसेसर चांगला त्याचा शेअर चांगला. २०१५ च्या जुलैत एएमडीचा शेअर २ डॉलरच्याही खाली होता आणि कंपनी बुडते की काय असं बोललं जाई. २०१४ मध्ये लिसा सू प्रमुख झाल्या होत्या, पण त्यांच्या कामाचं फळ २०१७ च्या रायझनमध्ये दिसलं. २०२४ आणि २०२५ मध्ये तोच शेअर २०० डॉलरच्या वर जाऊन आला. उलट, २००० सालच्या तेजीत इंटेलचा शेअर सत्तरीच्या घरात होता. २०२४ मध्ये तो २० च्या खाली उतरला, त्या वर्षाचा तोटा सुमारे १८.८ अब्ज डॉलर झाला, आणि डाऊ जोन्स निर्देशांकातली तिची जागा नव्हिडियाने घेतली. या साऱ्या काळात इंटेलचे प्रोसेसर जगभर खपतच होते. दुकानातल्या फळीवरून कंपनीची तब्येत कळत नाही.

ती कशावरून कळते? बरीचशी चिप कोण छापतं यावरून. एएमडी आणि नव्हिडिया फक्त आराखडा काढतात. छपाई करते तैवानची टीएसएमसी, जी मॉरिस चँग यांनी १९८७ मध्ये नेमकी याच कामासाठी काढली. छपाईची सर्वांत अवघड यंत्रं नेदरलँड्‌सच्या एएसएमएलकडे. इंटेल आराखडाही स्वतः काढणार आणि छापणारही स्वतः; त्यातली छपाई अनेक वर्षं रखडली आणि तिथेच घसरण झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकी सरकारनेच तिचा सुमारे दहावा हिस्सा घेतला, पुढच्या महिन्यात नव्हिडियाने ५ अब्ज डॉलर गुंतवायचं जाहीर केलं. एखादा कारखाना सरकारला बुडू द्यायचा नाही याचा अर्थ भिलाईकरांना समजावून सांगायला नको. पण सरकार वाचवतं म्हणजे भागधारक श्रीमंत होतो असंही नाही.

दुसरी गोष्ट, आपण घेतो तो डेस्कटॉप प्रोसेसर आता या धंद्याच्या कडेला गेला आहे. घरात बसलेल्या जगाने २०२१ मध्ये सुमारे ३५ कोटी पीसी विकत घेतले; २०२३ मध्ये आकडा २६ कोटींवर आला, कारण पुढच्या दोन वर्षांची खरेदी आधीच होऊन गेली होती. पैसा वळला डेटा सेंटरकडे. जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात नव्हिडियाची विक्री १३० अब्ज डॉलरच्या वर गेली, त्यातले ११५ अब्ज डेटा सेंटरचे. रॅम बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती ग्राहकांसाठीचा क्रूशियल हा ब्रँडच गुंडाळायचं ठरवलं. रॅम महाग का झाली, त्याचं उत्तर इथे आहे: डेटा सेंटरला घाऊक माल हवा असताना किरकोळ गिऱ्हाइकाला कोण विचारतो? ही मागणी टिकली तर कंपन्यांना सोन्याचे दिवस. ओसरली तर शेअर आपटतील आणि रॅम स्वस्त होईल. म्हणजे गुंतवणूकदाराची वाईट बातमी ही काकांची चांगली बातमी. दोन प्रश्न वेगळे ठेवा म्हणतो ते यासाठी.

आणि आता हे दोन प्रश्न एकत्र येतात ती जागा. २०११ ते २०१६ या काळात एएमडी खचलेली होती. त्या वर्षांत इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप बोर्डावरचा सर्वांत वरचा प्रोसेसर चार कोअरचाच राहिला. जानेवारी २०१७ चा ७७०० के सुद्धा चारचाच. मार्चमध्ये आठ कोअरचे रायझन आले आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलने सहा कोअर दिले. तोपर्यंत वाट बघणारा शहाणा ठरला. एक कंपनी मेली की दुसरी आळशी होते, आणि त्याची किंमत गिऱ्हाईक मोजतो.

याचं याहून मोठं उदाहरण आपल्या पुण्यात घडलं. १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली, विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. त्यात ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडण्यासाठीच ते घडवलेले, त्यामुळे निवड तेव्हा बिनचूक होती. पण इनमॉस विकली गेली होती, पुढचा टी-९००० उशिरा आला आणि अपेक्षेइतका वेगवान नव्हता, आणि ती सगळी जातच संपली. सी-डॅकने १९९४ मध्ये परम ९००० दाखवला, त्याची रचना मुद्दाम अशी केली की स्पार्क, अल्फा असे वेगवेगळ्या कंपन्यांचे प्रोसेसर त्यात बसवता यावेत. प्रोसेसर घेताना त्याच्या मागे कंपनी उभी राहणार आहे का, हे पाहायचं ते असं. घरच्या मशीनपुरतं त्याचं रूप एवढंच: या खोबणीत बसणारा पुढचा प्रोसेसर येणार आहे का? एएम-५ बद्दल एएमडीने २०२७ पर्यंत आणि पुढेही, असं म्हटलेलं आहे. मला तरी आज नवीन मशीन बांधताना हे वजनदार कारण वाटतं.

उठताना काकांनी विचारलं, "नवा रायपूरला चिपचा कारखाना होतोय म्हणे. थांबू का?" २०२५ च्या एप्रिलमध्ये तिथे पॉलिमाटेकच्या कारखान्याची पायाभरणी झाली खरी, पण तो गॅलियम नायट्राइडच्या चिपचा, दूरसंचाराच्या कामाचा. गुजरातेत धोलेऱ्याला टाटांचा होतोय तो २८ नॅनोमीटर आणि त्याहून जाड रेषांचा. गाड्या, स्क्रीन, यंत्रं यांना लागणाऱ्या चिप त्यात निघतील. आजचे बहुतेक नवे पीसी प्रोसेसर पाच नॅनोमीटर किंवा त्याहून बारीक तंत्रावर छापतात. दोन्ही कारखान्यांचं स्वागत आहे. काकांच्या टेबलाशी त्यांचा संबंध नाही.

शेवटी आम्ही पंखा झाडला, एक एसएसडी आणि चार जीबीची आणखी एक रॅम टाकली. प्रोसेसर तोच आहे, आठव्या पिढीचा. तुम्ही दुकानात जाणार असाल तर निघण्याआधी आपल्या मदरबोर्डाचं नाव आणि रॅमचा प्रकार एका कागदावर लिहून न्या, आणि ‘कौन सा जनरेशन चाहिए’ असं विचारलं की आधी तो कागद पुढे करा.